सागवानी झोपाळ्याला घरी पॉलिश: फळी उतरवण्यापासून पुन्हा टांगेपर्यंत

गणपतीला पंधरा दिवस उरले की घरोघरी झोपाळ्याकडे लक्ष जातं. बसायच्या जागी पॉलिश उडालेलं, कडीपाशी काळे डाग, मध्येच गरम कपाचं पांढरं वर्तुळ. मग शनिवारी पॉलिश पेपर येतो, रविवारी वरवर घासून लगेच पॉलिशचा हात दिला जातो. दिवाळीपर्यंत ती फळी चिकट तरी राहते, नाहीतर तिचे पापुद्रे निघायला लागतात. ओळखीपाळखीत अशा बऱ्याच फळ्या मी पाहिल्या आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकीची चूक पॉलिशचा डबा उघडण्याआधीच झालेली होती. म्हणून हा लेख लावण्यापेक्षा तयारीबद्दल जास्त बोलतो.

इथे मी ५ फूट बाय २ फुटांची भरीव सागवानी फळी धरली आहे. दार, पाट, जुनी खुर्ची यांनाही क्रम हाच. जुन्या घरातल्या माडीच्या फळ्यांच्या जमिनीलाही हाच, फक्त पायाखालच्या जमिनीवर चपडा (लाखेपासून केलेलं पॉलिश) टिकत नाही, तिथे पीयू (पॉलियुरेथेन, जास्त टणक पॉलिश) लागतं. दहा दिवस हाताशी ठेवा. त्यातलं काम रोज तास-दोन तासांचंच, बाकी वेळ वाळण्याचा. तो वेळ वाचवायला गेलात की फळी पुन्हा घासावी लागते.

१. आधी दिवस निवडा

पावसाळ्यात चपड्याचं पॉलिश करू नका. चपडा ज्यात विरघळवतात ते स्पिरिट उडताना लाकडाचा पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि ते पॉलिशमध्येच अडकतं. एका जुलैत बाहेर पाऊस असताना मी घाईने आमच्या फळीला दुसरा हात दिला. दहा मिनिटांत मध्यभागी दूध सांडून पुसल्यासारखा पांढरट ढग उमटला. तो घालवायला कोरडी हवा येईपर्यंत थांबावं लागलं. मग स्पिरिटने जेमतेम ओला केलेला बोळा वरून हलकेच फिरवला, तेव्हा अडकलेलं पाणी निघून गेलं.

दसऱ्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे दिवस सगळ्यांत चांगले. एप्रिल-मे चालतो, पण भर दुपारी स्पिरिट इतक्या झपाट्याने उडतं की ब्रश ओढल्यासारखा चालतो आणि त्याच्या रेघा तशाच राहतात. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत लावून मोकळे व्हा. मुंबई आणि कोकणपट्टीत राहत असाल तर मोबाइलवर आर्द्रता बघायची सवय लावा. ७० टक्क्यांच्या वर असेल तर त्या दिवशी घासायचं काम करा, लावायचं नको. गणपतीसाठीच झोपाळा हवा असेल तर मे महिन्यात पूर्ण करून ठेवा.

२. लाकूड कोणतं आणि वर काय लावलंय, ते ओळखा

फळीची आडवी कापलेली कड बघा. वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा कडेवरून खाली वळून सलग गेलेल्या दिसल्या तर फळी भरीव. कडेला पातळ पातळ थर किंवा वरून चिकटवलेली पट्टी दिसली तर ते प्लायवूड, आणि वरचा सागवानी पापुद्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. त्यावर ८० नंबरचा पेपर (नंबर लहान तितका पेपर खरखरीत) चालवलात तर दोन मिनिटांत खालचं प्लाय दिसेल, आणि त्यावर उपाय नाही. प्लाय असेल तर पुढचं सगळं विसरून २२० नंबरने हाताने हलकं घासा आणि तेवढ्यावरच हात द्या.

आता जुनं पॉलिश. फळीच्या पोटाला, जिथे दिसणार नाही तिथे, कापूस स्पिरिटमध्ये बुडवून दोन मिनिटं ठेवा.

जागा चिकट झाली, कापसाला तपकिरी रंग आला: चपडा आहे. नशीब चांगलं.

स्पिरिटने काही झालं नाही, पण थिनरने मऊ पडलं: लॅकर आहे.

दोन्हींनी हललं नाही: मेलामाईन, पीयू किंवा तेलाचं वार्निश. हे खरवडून आणि घासूनच निघेल.

जपून: फळीवर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, आणि त्याची धूळ लहान मुलांना सर्वांत घातक. असा रंग पेंट रिमूव्हरने ओला करून खरवडा, पोरांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा, आणि काम गच्चीत किंवा अंगणात करा. काही रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असतं. बंद न्हाणीघरात ते वापरणं जिवावर बेतू शकतं.

३. चपडा की पीयू, हे आत्ताच ठरवा

हा निर्णय शेवटी घ्यायचा नसतो, कारण खालचा थर त्यावर ठरतो. बाजारातल्या साध्या चपड्यात मेण असतं. त्यावर पीयू नीट धरत नाही आणि काही महिन्यांनी नखाने सुटतो. "आधी दोन हात चपड्याचे, वरून मजबुतीला पीयू" हा सल्ला मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, आणि अनेक फळ्या त्यानेच बिघडल्या आहेत.

दिवाणखान्यातला, घरच्याच माणसांनी बसायचा झोपाळा असेल तर मी चपडाच घेईन. त्याचा रंग सागवानाला खुलवतो, वास तासाभरात जातो, आणि दोन वर्षांनी ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी हात देऊन मिटवता येतो. पण गरम कप आणि सॅनिटायझर त्याला सोसत नाहीत. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं, ते चपडा विरघळवतं. गॅलरीतला झोपाळा, जिथे पावसाचे शिंतोडे येतात, तिथे पीयू घ्या.

चपड्यासाठी लागणारं सामान: २५० ग्रॅम चपडा, दीड ते दोन लिटर स्पिरिट, ८०, १२०, १८०, २२० आणि ३२० नंबरचे पॉलिश पेपर, तळहातात मावेल असा लाकडी ठोकळा, तीन इंची मऊ ब्रश, जुनं धुतलेलं मलमल, कापूस, एन-९५ मास्क आणि रबरी हातमोजे.

चपडा आजच भिजत घाला. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बरणीत २५० ग्रॅम चपडा आणि एक लिटर स्पिरिट. लोखंडी डबा नको, लोखंडाने चपडा काळपट होतो. दर दोन-तीन तासांनी हलवा, नाहीतर तळाशी गोळा बसतो. दुसऱ्या दिवशी मलमलमधून गाळून घ्या.

तपासा: काचेवर एक थेंब पसरवा. दोन तासांनीही बोटाला चिकटत असेल तर चपडा जुना आहे, फेकून द्या. असा चपडा फळीवर कधीच कडक होत नाही. भिजवलेलं पॉलिश सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका. बरणीवर तारीख लिहा.

४. उतरवा, धुवा, खरवडा

फळी टांगलेल्या जागीच पॉलिश करायचा मोह आवरा. ती हलते, पोट आणि कडा राहून जातात. दोन माणसांनी उतरवा, कड्या आणि बोल्ट पिशवीत घालून कोणती कुठली ते लिहून ठेवा. फळी दोन स्टुलांवर, कंबरेच्या उंचीला ठेवा. जमिनीवर बसून वाकून केलेल्या कामात दाब सारखा पडत नाही.

घासण्याआधी फळी धुवा. वर्षानुवर्षांचं डोक्याचं तेल, घाम, हळदीकुंकू त्यावर बसलेलं असतं. थेट घासलंत तर पॉलिश पेपर ते तेल लाकडात खोल चोळतो आणि पुढे तिथे पॉलिश मासळीच्या डोळ्यांसारखं फाटतं. कोमट पाण्यात थोडं भांडी धुण्याचं साबण, फडकं घट्ट पिळून पुसा, लगेच कोरडं करा.

जुनं पॉलिश चपड्याचं असेल तर फूटभर जागा स्पिरिटने ओली करा, तीन-चार मिनिटं थांबा, आणि मऊ झालेला थर पत्र्याच्या पट्टीने लाकडाच्या रेषांच्या दिशेने ओढून काढा. मग पुढची फूटभर. अख्खी फळी एकदम ओली केली तर दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा वाळतं. आमच्याकडचे जुने सुतार हे काम फुटक्या काचेच्या धारेने करत, आणि काय सुंदर करत. पण तो हात वर्षांच्या सवयीचा असतो. तुम्ही पट्टीच घ्या.

जपून: स्पिरिट पेट घेतं. देवघरातली समई, उदबत्ती, स्वयंपाकघरातला गॅस, सगळं विझलेलं असल्याची खात्री करूनच बाटली उघडा. फळी देवघराला लागून ठेवलेली असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

५. डाग आणि भोकं

कडीपाशी असतात ते काळे डाग घाण नाहीत. लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन मिळून ते तयार होतात आणि आतपर्यंत मुरतात. घासून काढायला गेलात तर तिथे खळगा पडेल. त्यासाठी ऑक्झॅलिक ॲसिड वापरा. अर्धा लिटर गरम पाण्यात ३० ग्रॅम, प्लॅस्टिकच्या भांड्यात. ब्रशने डागावर आणि थोडं आजूबाजूलाही लावा, अर्धा तास थांबा. डाग डोळ्यांदेखत फिका होत जातो, हे बघताना खरंच आनंद होतो. राहिला तर पुन्हा लावा. शेवटी स्वच्छ पाण्याने तीन वेळा पुसा आणि सावलीत पूर्ण एक दिवस वाळू द्या.

जपून: हे विष आहे. हातमोजे घाला, भांडं पुन्हा घरात वापरू नका. वाळल्यावर जागेवर पांढरी पूड दिसली तर ती घासू नका, आधी पाण्याने पुसून काढा. ती नाकात गेली तर आतून जाळते.

भोकांत फेव्हिकॉल आणि भुसा कालवून भरण्याची पद्धत सगळीकडे आहे. तो गोंद पॉलिश पीत नाही आणि ठिगळ कायम उठून दिसतं. त्याऐवजी त्याच फळीचा बारीक भुसा, १८० नंबरने घासताना पडलेला, दाट चपड्यात कालवा. भोकाच्या तोंडापेक्षा थोडा उंच भरा, कारण वाळताना तो बसतो. हे काम १८० च्या फेरीनंतर आणि २२० च्या आधी करायचं.

६. घासणं

सगळं काम इथे ठरतं, म्हणून इथे थांबून सांगतो.

प्रत्येक नंबरचं काम एकच: आधीच्या नंबरने पाडलेल्या रेघा मिटवणं. ८० नंतर थेट २२० घेतला तर ८० च्या खोल रेघा तशाच राहतात, फक्त वरून गुळगुळीत लागतं. हाताला कळत नाही. पॉलिशचा पहिला हात पडला की त्या रेघा एकेक करून वर येतात आणि मग पुन्हा ८० पासून सुरुवात. म्हणून ८०, १२०, १८०, २२०. एकही गाळायचा नाही. फळीवर पॉलिशचा मागमूस नसेल आणि लाकूड सपाट असेल तर १२० पासून सुरू केलं तरी चालतं.

एक नंबर पुरे झाला हे ओळखायची माझी रीत अशी. घासण्याआधी फळीवर शिसपेन्सिलीने हलक्या नागमोडी रेघा मारायच्या, कडेपासून कडेपर्यंत. शेवटची रेघ पुसली जाईपर्यंत घासायचं. मग धूळ झटकून पुढच्या नंबरला पुन्हा रेघा. कोणती जागा राहिली हे डोळ्यांना लगेच दिसतं. पेपर ठोकळ्याला गुंडाळूनच धरा. नुसत्या बोटांनी घासलं तर मऊ रेषा जास्त खचतात आणि फळी लहरी होते.

दिशा नेहमी रेषांची. आडवी एक रेघ मिटवायला उभ्या पन्नास लागतात.

मशीन वापरायचं तर गोल फिरणारं, पाच इंची चकतीचं सँडर घ्या. फळीवर टेकवा, मग चालू करा, दाब न देता सावकाश सरकवा. इंचभर सरकायला सेकंदभर लागला पाहिजे. दाबलंत की नाण्याएवढ्या गोल रेघा पडतात. कडेशी मशीन कलतं आणि कोपरे गोल होऊन जातात, तेव्हा शेवटचा इंच हाताने करा. मशीनच्या २२० नंतरही ठोकळ्यावर २२० घेऊन एक फेरी हाताने, रेषांच्या दिशेने, असतेच. ग्राइंडरला पॉलिश पेपरची चकती लावून फळी घासू देऊ नका, मग कारागीर कितीही घाईत असो. सेकंदात पडलेला खड्डा रंधा मारल्याशिवाय जात नाही.

कठड्याच्या गोल कातलेल्या दांड्यांना मशीन लावू नका. पेपरच्या पट्ट्या कापून, चपलेला पॉलिश करताना फडकं ओढतो तशा ओढा.

पोटाची बाजू १२० पर्यंत पुरे. आमच्या फळीच्या पोटाला सुताराने मारलेली पेन्सिलीची खूण आहे, एक बाण आणि "दर्शनी". ती मी घासली नाही.

जपून: सागवानाच्या बारीक धुळीने अंगाला खाज येते, शिंका सुटतात, आणि लाकडाची धूळ दीर्घकाळ श्वासात जाणं कर्करोगाला कारण ठरतं. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. मास्क लावा.

आता पाण्याची फेरी, जी जवळजवळ सगळे गाळतात. पिळलेल्या ओल्या फडक्याने फळी एकदा पुसा आणि दोन-तीन तास वाळू द्या. लाकडाचे दबलेले तंतू उभे राहतात, हाताला खरखर लागते. ती खरखर जेमतेम जाईल इतकंच २२० ने हलकं घासा. हे आत्ता केलं नाही तर पहिल्या हातानंतर तीच खरखर येईल.

तपासा: खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. राहिलेली प्रत्येक रेघ सावली टाकते. मग फळी स्पिरिटच्या फडक्याने ओली करा. त्या अर्ध्या मिनिटात पॉलिशनंतरचा रंग दिसतो आणि चुकाही दिसतात. तिथे पेन्सिलीने गोल करा, तेवढी जागा पुन्हा घ्या.

ताजं घासलेलं सागवान ठिकठिकाणी हिरवट, काळपट, चट्टे पडल्यासारखं दिसतं. घाबरून रंग मिसळू नका. उजेडात काही आठवड्यांत ते आपोआप एकसारखं सोनेरी होतं.

७. पॉलिशचे हात

पंखा बंद. फळी कोरड्या ब्रशने झाडा, मग स्पिरिटने ओलसर केलेल्या फडक्याने पुसा. ज्या खोलीत घासलं त्याच खोलीत लावायचं असेल तर आधी ओल्या फडक्याने जमीन पुसून तासभर थांबा, धूळ खाली बसू द्या.

पहिला हात पातळ हवा. गाळलेलं अर्धा लिटर पॉलिश वेगळं काढून त्यात तेवढंच स्पिरिट घाला. पातळ पॉलिश आत शिरतं, जाड वरच तरंगतं.

१. आधी पोट, मग कडा, शेवटी दर्शनी बाजू. पोटाला पॉलिश न लावणं ही फळी वाकण्याची नेहमीची वाट. एक बाजू बंद, दुसरी उघडी, मग पावसाळ्यात उघडी बाजू पाणी पिऊन फुगते.

२. ब्रश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका दमात न्या. पुढची पट्टी आधीच्या ओल्या कडेवर किंचित चढवा.

३. गेलेल्या जागी परत जाऊ नका. एखादी जागा सुटली तर सुटू दे, पुढच्या हातात भरेल. अर्धवट वाळलेल्या चपड्यावर ब्रश फिरवला की तो ओरबाडला जातो.

४. दोन तास वाळू द्या. ३२० नंबरने वजन न टाकता एक फेर, पांढरी पूड पडली पाहिजे. पेपरवर गोळ्या जमत असतील तर अजून वाळलेलं नाही.

५. पुढचे तीन हात मूळ दाटपणाचे, दिवसाला दोनच. शेवटच्यानंतर एक रात्र.

८. बोळा

ब्रशवर थांबलात तरी फळी वापरायला चांगली असते. पण बोळ्याने येते ती झळाळी ब्रशला येत नाही.

मुठीएवढा कापूस मलमलच्या दुहेरी तुकड्यात बांधा, खालची बाजू सुरकुती नसलेली, सपाट. पॉलिश आतल्या कापसावर ओता, बाहेरून बुडवू नका. कागदावर दाबून बघा, नुसता ओलसर ठसा उठला पाहिजे. तळाला लिक्विड पॅराफिनचा एकच थेंब, म्हणजे तो अडकत नाही. मग लहान गोल, मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फेर, शेवटी सरळ रेषांच्या दिशेने. बोळा चालत असतानाच टेकवायचा आणि चालत असतानाच उचलायचा. फळीवर क्षणभर जरी थांबला तरी खालचा थर विरघळून तिथे त्याचा ठसा बसतो. तसं झालं तर लगेच पुसायला जाऊ नका. दुसऱ्या दिवशी ३२० ने सपाट करा आणि पुन्हा फिरवा.

बोळा घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, पुढच्या वेळी आणखी चांगला चालतो.

कुणी वरून बेलतेल (जवसाचं तेल) चोळायला सांगेल. चोळलंत तर ती फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. बेलतेल हवेत वाळताना तापतं आणि गोळा केलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून मगच टाका.

पीयू घेतला असेल तर

घासण्यापर्यंतचं सगळं तेच. फरक तीन. सागवान तेलकट असतं, म्हणून पहिला हात देण्याच्या थोडं आधी डब्यावर सांगितलेल्या थिनरने फळी पुसा, नाहीतर काही ठिकाणी पीयू वाळतच नाही. दोन हातांच्या मधलं अंतर डब्यावर लिहिलं असेल तेवढंच ठेवा, त्याच्या पलीकडे गेलात तर घासल्याशिवाय पुढचा थर धरत नाही. आणि पाण्यातला पीयू असेल तर स्टील वूल वापरू नका. त्याचे कण लाकडाच्या छिद्रांत राहतात आणि गंजून काळे ठिपके पडतात. घरी करायला मी हाच पाण्यातला पीयू सुचवेन. हार्डनर मिसळायचा प्रकार साध्या मास्कवर करण्यासारखा नाही.

९. टांगण्याआधी

फळी दोन दिवस उभी, दोन्ही बाजूंना हवा लागेल अशी ठेवा. कडक उन्हात नको. तेवढ्यात कड्यांकडे बघा. पितळी कड्या चिंचेने चोळा, धुवा आणि पूर्ण कोरड्या करा. कडी लोखंडी असेल तर ती ओली फळीला लागली की काळा डाग पुन्हा सुरू. कडी कडीत जिथे अडकते तिथे धातू झिजून अर्धा झालाय का, छताचा हूक हलतोय का, हे झोपाळा खाली असतानाच बघता येतं. बोल्टच्या भोकात आतूनही पॉलिशचा एक हात द्या, आणि लोखंडी वायसर असेल तर त्याखाली चामड्याची किंवा रबराची चकती घाला.

टांगल्यावर आधी एकट्याने हळू बसून बघा, मग दोघांनी. फळी एका बाजूला कलत असेल तर कड्यांची लांबी आत्ताच जुळवा.

चपडा बोटाला तासाभरात कोरडा लागतो, आतून कडक व्हायला दोन-तीन आठवडे घेतो. तोवर झोपाळ्यावर गादी किंवा रेक्झिन टाकून ठेवू नका, कापडाची वीण पॉलिशवर उमटते. प्लॅस्टिक तर नकोच. तीन आठवड्यांनी टर्पेंटाइनमध्ये मऊ केलेलं मधमाशीचं मेण मलमलने पातळ लावा, अर्ध्या तासाने कोरड्या कापडाने चोळा. पुढे वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्याच्या तोंडावर, एवढं मेण लावलं तरी पुरतं.